रिकामा गोल

"ताई, तुम्ही हॅकर आहात का?"

प्रश्न माझ्या तोंडून निघाला आणि जिन्याखाली लपलेल्या सिमरन आणि श्रावस्ती फिस्सकन हसल्या. पैजच तशी होती. साळुंखे सरांची केतकीताई पुण्याची नोकरी सोडून विट्याला परत आली होती. वरच्या खोलीत दार लावून दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायची, आणि ती करते काय हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सिमरनची अम्मी म्हणायची, शेअर बाजार असणार. श्रावस्तीचा भाऊ छातीठोकपणे सांगायचा, हॅकर. शेवटी आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत आमचं ठरलं, की कुणीतरी थेट जाऊन तोंडावर विचारायचं. आणि कुणीतरी म्हणजे अर्थातच मी. कारण वर्गात माझं तोंड सगळ्यात मोठं.

पण ते फक्त मैत्रिणींत. मोठ्या माणसांपुढं माझी दातखिळी बसायची. त्या दिवशी प्रश्न विचारला तोसुद्धा डोळे मिटून.

डोळे उघडले तर केतकीताई दारात उभी. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, हातात चहाचा कप. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून जिन्याकडं.

"हॅकर असते तर आधी तुमच्या शाळेच्या बाईंचा मोबाईल बंद पाडला असता. खालच्या दोघीपण वर या. चिवडा आहे."

आम्ही तिघी लाजत, एकमेकींना ढकलत आत गेलो. आणि आत कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं एक स्वयंपाकघर.

खरंच! भिंतीला लाकडी फळ्यांची मांडणी, खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन, आणि खाली जमिनीवर भांड्यांचा ढीग. तांब्या, फुलपात्र, परात, कढई, झाऱ्या, वाट्या. सगळ्यात वरच्या फळीवर एक पिवळं मांजर पाय पोटाशी घेऊन झोपलेलं.

"हिचं नाव चिंगी," केतकीताई म्हणाली. "भांडी फळीवर लावायची. पण प्रत्येक भांड्याचा एक हट्ट आहे. तांब्याला शेजारी फुलपात्रच लागतं. पातेली एकात एक बसतात, पण झाकणं वेगळी राहतात. कढई खालच्या फळीशिवाय बसत नाही. आणि भांडं आपटलं की..."

सिमरननं तोवर माऊस घेतलाच होता. परात धाडकन पडली. चिंगीनं एक डोळा उघडला, आळस दिला आणि सगळी भांडी पुन्हा जमिनीवर.

"आगं बाई!" सिमरन ओरडली. "परत दे. परत एकदा."

तासभर आम्ही तिथंच होतो. घड्याळ नाही, गुण नाहीत, कुणी मरत नाही. शेवटचं भांडं जागेवर बसलं की नुसता 'टण्ण' असा बारीक आवाज होतो आणि उन्हाची तिरीप हळूच फळीवर सरकते. एवढंच. पण त्या आवाजानं पोटात इतकं बरं वाटायचं, की काय सांगू!

"हे तुम्ही केलंय? एकटीनं?" श्रावस्तीनं विचारलं.

"दोन वर्षं लागली. शेवटच्या फळ्या अजून बाकी आहेत."

"मग हे सगळ्यांना दाखवत का नाही?"

केतकीताई खुर्चीवर जरा मागं रेलली. "दाखवायचंय. गेमचं एक ऑनलाइन दुकान असतं, जगातले लोक तिथून गेम घेतात. पुढच्या महिन्यात तिथं कोड्यांच्या छोट्या, अजून बाहेर यायच्या असलेल्या गेमची जत्रा भरणार आहे. जत्रेत नुसत्या पाट्या दिसतात. एका पाटीवर एक चित्र. चित्र आवडलं तर माणूस आत शिरतो, नाहीतर पुढच्या पाटीकडं. आणि माझी पाटी ही."

तिनं दाखवली. मी हसू दाबलं. तपकिरी स्वयंपाकघर, त्यावर काडीसारख्या अक्षरांत 'मांडणी'. चिखलात हरवलेला दोरा दिसावा तशी.

"मला कोडं येतं, पाटी येत नाही," ती म्हणाली. "आणि पुण्याच्या कंपनीनं परत बोलावलंय. बाबांना शब्द दिलाय मी. जत्रेत लोक गेमपाशी थांबले, तर इथंच राहीन आणि हा गेम पुरा करीन. नाही थांबले, तर गुमान नोकरी."

तेवढ्यात माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी करून देते की चित्र! आमचं फ्लेक्सचं दुकान आहे."

जिन्यावरून उतरताना श्रावस्ती म्हणाली, "नंदे, वेड लागलंय का तुला?" पण केतकीताई हसली नव्हती. ती म्हणाली होती, "कर. पण मी गोड बोलणार नाही हं. चालेल?"

*

बसस्टँडसमोर 'तुपे डिजिटल' असा मोठा बोर्ड दिसतो ना, ते आमचं दुकान. पप्पा डिझाइन करतात, मम्मी काउंटर सांभाळते आणि लोकांचे फोटो मोबाईलवर मागवून घेते. पाचवीपासून मी पप्पांच्या शेजारच्या स्टुलावर बसून फोटोंच्या कडा कापत आलेय. त्यामुळे फ्लेक्सचं शास्त्र मला तोंडपाठ. मधे वाढदिवसवाला, तो मोठा. त्याच्या डोक्यामागं किरणं. वर नेतेमंडळी. खाली शुभेच्छुकांचे गोल, एकेका गोलात एकेक चेहरा. आणि पहिला नियम: कुणी राहता कामा नये. एखाद्याचा फोटो राहिला, की वाढदिवस बाजूला आणि रुसवेफुगवेच सुरू. एका वाढदिवसाला एका मामांचा गोल इतर मामांपेक्षा बारका पडला, तर ते मामा अजून आमच्या दुकानावरून जाताना मान फिरवतात.

तर मी 'मांडणी'चं चित्र त्याच शास्त्रानं केलं. मधे चिंगी, मोठ्ठी. डोक्यामागं सोनेरी किरणं. खाली हंडा, कळशी, परात, तांब्या, पळी, चिमटा, सगळ्यांना एकेक गोल. किसणीसुद्धा सोडली नाही. नाव जाड, चकचकीत, कडेनं ज्वाळा. पप्पांनी बघितलं आणि म्हणाले, "एक नंबर! कुठला वाढदिवस?"

केतकीताईनं ते आपल्या कॉम्प्युटरवर घेतलं, काहीतरी केलं आणि पडदा माझ्याकडं वळवला. दुकानाचं पान होतं. चित्रांच्या रांगाच रांगा, प्रत्येक चित्र माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंच मोठं.

"तुझं शोध."

मी शोधलं. वरून खाली, खालून वर. मला माझंच चित्र सापडेना! शेवटी एका कोपऱ्यात पिवळा, भाजीचा रस्सा सांडल्यासारखा डाग दिसला.

"हे?"

"हेच."

मग तिनं माझा फोन मागितला, चित्र त्यावर टाकलं आणि खालून सिमरन-श्रावस्तीला वर बोलावलं. "डोळ्यांसमोर धरते आणि लगेच काढते. काय दिसलं ते पटकन सांगायचं. विचार करायचा नाही."

फोन आला आणि गेला.

"भांड्याचं दुकान," सिमरन म्हणाली. "धनत्रयोदशीला सूट."

"नाय गं, लग्नाची पत्रिका," श्रावस्ती म्हणाली. "मांजराचं लग्न आहे."

दोघी खिदळल्या. मीपण हसले, पण माझे कान तापले होते.

केतकीताई खाली वाकून माझ्या बरोबरीला आली. "नंदिनी, तुझा हात चांगला आहे. चिंगीच्या मिशा माझ्या गेममधल्या चिंगीपेक्षा चांगल्या आल्यात. पण फ्लेक्स चौकात टांगतात. माणूस चहा पीत पीत त्याचा एकेक गोल वाचतो. इथं तो थांबतच नाही, नुसता सरकत असतो. त्याच्या डोळ्याला एकच गोष्ट द्यायची. आणि ज्वाळा का काढल्यास?"

"भारी दिसतंय म्हणून."

"गेममध्ये कुठं आग लागते?"

"नाही लागत."

"मग आग बघून आत आलेल्या माणसाला आपण काय देणार? झोपलेलं मांजर? तो चिडेल. आणि ज्याला सकाळी शांतपणे भांडी लावायला आवडेल, तो आग बघून लांबूनच पळेल. दोघंही गेले."

घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. मम्मी म्हणाली, "मग सोड की ते. तसंपण सुट्टीत गणितं करायची राहिलीत तुझी."

पण रडता रडता मला एक गोष्ट कळली होती, आणि ती मी मम्मीला सांगू शकले नाही. आजवर माझं चित्र बघून माणसं दोनच गोष्टी बोलली होती. एक म्हणजे 'छान आहे हं', आणि दुसरी, 'आता अभ्यासाला बस'. माझ्या चित्राकडं कुणी इतका वेळ बघत बसलं नव्हतं. ते का चुकलं हे मला समजावं म्हणून कुणी एवढी खटपट केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तिच्या दारात.

*

यावेळी मी उलटं टोक गाठलं. सगळी भांडी हाकलली. नुसती चिंगी, फिक्या रंगावर, झोपलेली. केतकीताईनं पडद्यावरचे सगळे रंग घालवून काळंपांढरं करून दाखवलं. मांजर आणि मागची भिंत एकच राखाडी झाली, मांजर गायब!

"बघ, रंग वेगळे आहेत पण उजेड सारखा आहे. लहान झालं की डोळ्याला आधी उजेड-अंधारच दिसतो."

मी भिंत गडद केली. रात्री विझवलेल्या चुलीसारखी ऊबदार, गडद तांबूस. त्यावर चिंगी झक्क उठून दिसली. नखाएवढी केली तरी! मी जागच्या जागी उड्या मारल्या.

मग परीक्षक मंडळींना बोलावलं. फोन आला आणि गेला.

"मांजराच्या खाऊची पुडी," सिमरन म्हणाली.

"गोड आहे," श्रावस्ती म्हणाली. "पण यात करायचं काय?"

केतकीताई कप घेऊन खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. श्रावस्तीनं बोट ठेवलं होतं ते बरोबर त्या ठिकाणी. एवढं सगळं खरं, पण खेळ कुठाय? सगळी भांडी घालावीत तर रस्सा सांडतो, काढावीत तर खाऊची पुडी. त्यानंतर मी कितीतरी प्रकार केले. हातात तांब्या धरलेली बाई काढली, तर सिमरन म्हणाली पाणीपुरवठ्याची जाहिरात. सगळी भांडी ओळीनं नीट लावलेली काढली, तर श्रावस्ती म्हणाली, "झालं की लावून. आता मी काय करू?"

जत्रेसाठी पान टाकायची मुदत सोमवारची होती. शनिवारी संध्याकाळी साळुंखे सर खालून वर आले. पप्पांना त्यांनी गणित शिकवलेलं, गल्लीतली मोठी माणसंसुद्धा त्यांच्यापुढं सायकलवरून उतरतात. त्यांनी पडद्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं.

"केतू, पुण्याला काय कळवायचं?"

"सोमवारी सांगते, बाबा."

"मी जबरदस्ती करत नाही. पण शब्द तूच दिला होतास."

ते खाली गेल्यावर केतकीताई माझ्याकडं वळली. हसत होती, पण ते हसू तोंडातल्या तोंडात. "नंदिनी, तू खूप केलंस. आता माझं आधीचंच चित्र टाकते. तू गणितं कर. तुझ्या मम्मी मला रस्त्यात भेटल्या होत्या."

मला काहीतरी बोलायचं होतं. दातखिळी बसली.

*

रविवारी सकाळी दुकानातून पप्पांचा आवाज घरापर्यंत आला. आमचं घर दुकानाच्या मागंच.

"फोटो आला नव्हता तर गोल काढायचा की! तसाच छापला?"

"मला काय माहीत?" मम्मीचा आवाज त्याहून वर. "तुम्हीच म्हणाला, जागा धरून ठेव, रात्री पाठवतोय तो!"

झालं असं होतं, की त्या दिवशी बंटीशेठचा वाढदिवस. बंटीशेठ म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, बोटात अंगठ्या आणि मागं दहा मोटरसायकली. त्यांचा चौकातला सगळ्यात मोठा फ्लेक्स आमच्याकडं होता. शुभेच्छुकांचे गोल भरता भरता एकाचा फोटो येईना, म्हणून मम्मीनं त्याचा गोल रिकामा ठेवला. पांढरा. फोटो आलाच नाही, गडबडीत फाईल तशीच छपाईला गेली, आणि पहाटे पोरांनी ती चौकात टांगलीसुद्धा.

"नंदू, सायकल काढ," पप्पा घाम पुसत म्हणाले. "चौकात जाऊन बघ, कुणाच्या लक्षात आलंय का. नसेल आलं तर गुपचूप वर एक फूल चिकटवून टाकू."

मी चौकात पोचले. लक्षात आलंय का? अख्खा चौक मान वर करून उभा होता!

"कोण रे हा? कुणाची जागा ही?"

"आबाची असणार. आबा फुटला म्हणतात."

"आबा हाय की तिकडं, टोपी घालून. ह्यो कोणतरी वेगळा."

"मला तर वाटतंय शेठनी मुद्दाम ठेवलीय. येईल त्याला जागा हाय म्हणून."

दूधवाला किटल्या तशाच टेकवून उभा. रिक्षावाले रिक्षातून उतरून उभे. एक आजोबा चष्मा पुसून पुन्हा बघत होते. त्या फ्लेक्सवर सोन्याच्या साखळ्या घातलेले बंटीशेठ हात जोडून केवढे मोठे हसत होते, डोक्यामागं आमच्या पप्पांची खास किरणं होती. त्यांच्याकडं एक माणूस बघत असेल तर शपथ. सगळ्यांचे डोळे त्या एका पांढऱ्या गोलावर. आणि प्रत्येकजण त्यात कुणाला ना कुणाला बसवत होता.

माझ्या शेजारच्या पोरानं तर हात वर करून, एक डोळा मिटून, आपला अंगठा त्या गोलावर बसवून बघितला. बरोब्बर बसला. तो खूश झाला.

मी सायकल तिथंच उलटी फिरवली. पप्पांना काय निरोप द्यायचा होता ते साफ विसरले. थेट साळुंखे सरांचा जिना, दोन-दोन पायऱ्या, आणि दार न वाजवता आत.

"ताई! एक भांडं बाजूला काढायचं!"

केतकीताईच्या हातातला चमचा खाली पडला. "काय?"

"फळी काढायची, फळीवर भांडी लावलेली काढायची, थोडीच, मोठी मोठी. आणि मधे एक जागा रिकामी. बरोबर एका वाटीएवढी. आणि ती वाटी खाली कोपऱ्यात. बस्स! तुम्ही चौकात चला, सगळं गाव रिकाम्या गोलाकडं बघतंय!"

मी धापा टाकत तिला चौकातलं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग अंबाड्यातली पेन्सिल काढून तिनं माझ्या हातात दिली आणि स्वतःची खुर्ची मागं ओढली.

"बस इथं."

तिच्या खुर्चीत! तिच्या कॉम्प्युटरपुढं! मी बसले. गडद तांबूस भिंत होतीच. एक फळी आडवी. डावीकडं तांब्या आणि फुलपात्र, उजवीकडं चिंगी शेपटी फळीखाली सोडून झोपलेली. दोघांच्या मधे उजेडाचा एक कवडसा, रिकाम्या जागेवर बरोबर पडलेला. खाली कोपऱ्यात पितळेची एकच वाटी, कडेला चमकणारी. नाव फळीखाली, जाड, दुधी रंगात, ज्वाळांशिवाय. केतकीताई मागं उभी राहून मधेच एखादा शब्द बोलायची. "वाटी जरा मोठी." "तांब्याची सावली घालव." "आता हात काढ." तिचं ते 'आता हात काढ' मला सगळ्यात अवघड गेलं. अजून किसणी घालायची माझी फार इच्छा होती.

तिनं चित्र काळंपांढरं केलं, तरी रिकामी जागा दिसली. नखाएवढं केलं, रांगांमध्ये टाकलं. शोधावंच लागलं नाही.

सिमरन आणि श्रावस्तीला बोलावलं. फोन समोर आला, आणि मागं जायच्या आत सिमरननं तो केतकीताईच्या हातातून हिसकावून घेतला. तिनं पडद्यावरच्या वाटीवर बोट ठेवलं आणि वर सरकवलं. पुन्हा सरकवलं.

"ही वाटी जात का नाही वर?" ती वैतागून म्हणाली.

"अगं, ते चित्र आहे," मी म्हणाले.

"चित्र असलं म्हणून काय झालं? जागा आहे की तिथं!"

केतकीताई मटकन पलंगावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हात तसाच राहू दिला.

संध्याकाळी घरी गेले तर मम्मीनं दारातच धरलं. "सकाळी गेलीस ती आत्ता? पप्पा तुझी वाट बघून चौकात स्वतः जाऊन आले!" पप्पा मात्र खुशीत होते. बंटीशेठ दुकानात भांडायला आले होते म्हणे, आणि येता येता चौकातली गर्दी बघून त्यांचा राग पार उतरला. आपल्या वाढदिवसाला इतकं गाव कधी जमलं नव्हतं, म्हणून ते पप्पांना मिठी मारून गेले.

*

सोमवारी पान टाकलं. जत्रा सुरू झाली तेव्हा आमची शाळाही सुरू झाली होती. शाळा सुटली की आम्ही तिघी दप्तरासकट वरच्या खोलीत. पहिल्या दिवशी थोडे लोक थांबले. दुसऱ्या दिवशी जरा जास्त. तिसऱ्या दिवशी केतकीताईनं दार उघडलं आणि पडद्याकडं बोट दाखवलं. पोर्तुगालमधल्या कुणा बाईनं लिहिलं होतं, ते केतकीताईनं आम्हाला मराठीत वाचून दाखवलं: 'सकाळपासून तीनदा या पानावर आले. ती वाटी जागेवर ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.'

पोर्तुगाल! तिथं तांब्या तरी कसला असतो, देव जाणे. पण जागा रिकामी आहे हे तिला कळलं होतं.

जत्रा संपली त्या संध्याकाळी आम्ही वर गेलो तर केतकीताईच्या खुर्चीत साळुंखे सर बसलेले. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकायला आलेलं.

"सर, केतकीताई कुठाय?" मी विचारलं.

"श्शू! चिंगी उठेल!" ते मागं न बघता म्हणाले. मग परात धाडकन पडली, आणि गल्लीला धाक असलेले साळुंखे सर, "आयला!" असं म्हणाले. शपथ.

केतकीताई पुण्याला गेली नाही. दुसऱ्या वर्षी गेम बाहेर आला. शेवटची फळी भरली, की ऊन सरकतं आणि काळ्या पडद्यावर नावं येतात. दोनच आहेत. पहिलं केतकी साळुंखे. त्याखाली, दुकानाची पाटी: राजनंदिनी तुपे. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काहीही बोलता आलं नाही. पण ती दातखिळी नव्हती. ताईला 'थँक्यू' म्हणायचं होतं आणि तो शब्द फारच बारका वाटत होता, म्हणून मी तिच्या पाया पडले. तर तिनं पाठीत धपाटा घातला. "ऊठ गं! पुढच्या गेमची भिंत कुठल्या रंगाची, ते सांग."

*

परवा माझा दहावीचा निकाल लागला. चांगले मार्क पडलेत, खरंच चांगले! पेढे वाटून झाले, आत्या-मामांचे फोन झाले आणि मी दुकानात गेले, तर पप्पा कॉम्प्युटरपुढं बसलेले. पडद्यावर माझा फ्लेक्स. मधे मी, शाळेच्या ड्रेसमध्ये. डोक्यामागं किरणं. खाली सगळे काका, मामा, आत्या, एकेक गोल. मम्मी मागं उभी राहून मोजत होती, कुणी राहिलं नाही ना. आणि माझ्या नावाखाली, चकचकीत सोनेरी अक्षरांत: 'भावी डॉक्टर'.

"कसा झालाय?" पप्पांनी अभिमानानं विचारलं.

"एक नंबर," मी म्हणाले. खरंच झाला होता. त्यांनी माझ्या चेहऱ्याच्या कडा इतक्या हळुवार कापल्या होत्या, की कानावरची एक बट पण तुटली नव्हती. हे मी ज्यांच्याकडून शिकले ते माझ्यासाठीच करत बसले होते.

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. माऊस मागितला. त्यांनी दिला. 'भावी डॉक्टर'वर गेले आणि पुसून टाकलं.

"अगं, काय करतेस?" मम्मी म्हणाली. "तिथं मोकळं दिसतंय आता."

"मोकळंच राहू दे."

"लोक विचारतील की, नंदू," पप्पा म्हणाले. "काय राहिलं तिथं म्हणून. चौकात उभे राहून विचारतील."

"विचारू देत की, पप्पा."

दोघं माझ्याकडं बघत राहिले. बसस्टँडवर कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला. मी डोळे मिटले नाहीत.

"पप्पा, मम्मी, मी सायन्स घेणार नाही. कोल्हापूरला चित्रकलेच्या कॉलेजात जाणार आहे. माझं ठरलंय. तिथं काय लिहायचं ते मी माझ्या हातानं लिहीन, तोवर ती जागा कुणी भरायची नाही."